काकूंनी ठरवलेली जागा

"जागा कुठली होती मास्तर, तेवढंच सांगा. पुढचं माझं मी बघतो."

"कसली जागा?"

"पिकअपची. हिच्या अंगावर तुम्ही पिकअप नेमका कुठं बसवला होता?"

नेमगोंडा मास्तर घराच्या पुढच्या सोप्यात बसून शेंगा फोडत होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला सारलं आणि मग वर बघितलं.

"च्या घेणार?"

"पुण्याहून गाडी हाणत आलोय मास्तर. चहासाठी नाही आलो."

"मग पाणी तरी पी. माठ भरलाय."

आता हा विचारणारा इंद्रजित कोण, आणि पिकअप म्हणजे काय भानगड, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, गडी टेम्पोबद्दल बोलतोय.

इंद्रजित हावळे बेस गिटार वाजवतो. जाड चार तारांची असते ती. गाण्याच्या तळाशी राहते आणि वरच्या सगळ्यांना उचलून धरते. लग्नाच्या मांडवात ती कुणाला ऐकू येत नाही, पण बंद पडली की वाढपीसुद्धा विचारतो, काय बिघडलं म्हणून.

आणि पिकअप म्हणजे तिच्या तारांखालचा चुंबक, भोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. गुंडाळीला कॉइल म्हणतात. वरची तार हलली की कॉइलला कळतं, आणि ती ते स्पीकरला कळवते. एवढंच तिचं काम. पण सगळा आवाज तिच्याच हातात.

इंद्रजित मूळचा इथलाच, कुरुंदवाडचा. मास्तर जत्रा-गणपतीच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे, त्यांच्याकडे शिकला. परदेशी गिटार तेव्हा स्वप्नातसुद्धा परवडत नव्हती, म्हणून मास्तरांनी सागाच्या फळीतून स्वतःच एक घडवली होती. बोटं आखडायला लागली तेव्हा तीच त्यांनी इंद्रजितच्या हातात दिली. "जा," म्हणाले, "हिला गाव दाखव."

इंद्रजितनं गाव दाखवलं. मुंबई दाखवली, पुणं दाखवलं. नाव झालं, मानही जरा ताठ झाली. हल्ली तो मोबाइलवरून पोरांना शिकवतो आणि बोलताना 'माझा साउंड' असं म्हणतो.

तो माणूस आज पायरीवर बसून म्हाताऱ्याला जागा विचारत होता.

"बघू," मास्तर म्हणाले. "काढ तिला."

इंद्रजितनं पेटी उघडली. आत निळीशार, आरशासारखी चकाकणारी गिटार.

मास्तरांनी ती मांडीवर घेतली.

"लाल हुती ही."

"रंग नवा दिला."

"बरी दिसती..."

त्यांचा अंगठा तारांखालून हळूहळू सरकत घोडीपाशी आला. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात आणि संपतात, ती. नवा पिकअप तिला अगदी खेटून बसवलेला होता.

"हितं आणलास?"

"मला मी ऐकूच येत नव्हतो मास्तर. रेकॉर्डिंगला ढोल वाजतो, कीबोर्ड वाजतो, आणि मी सगळ्यांच्या खाली दबलेला. मग कारागीर गाठला, कानाला हेडफोन लावले आणि त्याला म्हटलं, सरकव. अजून सरकव. घोडीजवळ आला आणि एकेक सूर असा टणटणीत... म्हटलं, बास. हाच."

"मग झालं की काम."

"झालं. लोकांना आवडलं पण."

"मग?"

सुपातला एक दाणा उचलून इंद्रजितनं उगाच हातात फिरवला.

"परवा एका संगीतकारानं बोलावलं. मोठा माणूस आहे. तो म्हणाला, तुमच्या पहिल्या गाण्यात होता तो आवाज घेऊन या. मी सगळी बटणं फिरवली. येईना. घरी जाऊन ते गाणं काढून ऐकलं..."

"मग?"

"रडलो मास्तर."

खरंच रडला होता. बायकोनं विचारलं काय झालं, तर कांदा कापत होतो म्हणाला. घरात कांदा कापायला ह्यानं कधी सुरी धरली नव्हती. त्या गाण्यात कुणीतरी घोंगडी अंथरल्यासारखा खालून आवाज येत होता, आणि तो वाजवणारा आपणच होतो यावर त्याचा विश्वास बसेना.

"जुनी खाच कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"कारागिरानं लाकूड भरून बुजवली. वर रंग मारला. फोटो बघितले, तर सगळ्या फोटोंत माझाच हात आडवा. तुम्ही जागा सांगा. मी तिथं परत खाच पाडून घेतो."

मास्तर उठले. अंगणात कपडे वाळत घालायची दोरी होती, दोन खुंट्यांना बांधलेली. एक पंचा लटकत होता तो त्यांनी खांद्यावर टाकला.

"हिकडं ये. मधे हात धर, दोरीखाली. शिवू नको."

इंद्रजितनं हात धरला. मास्तरांनी दोरीला झटका दिला. दोरी खालीवर डोलली आणि त्याच्या तळव्याला सपकन लागली.

"काय कळलं?"

"झुलतेय. चांगली वीतभर."

"आता खुंटीपाशी धर."

पुन्हा झटका. खुंटीपाशी दोरी जागची हलली नाही. नुसती थरथरली, बारीक, भराभर.

"आता?"

"थरथर. कळतंय, पण... पोट नाही त्यात."

"दोरी कितींदा बदलली मी?"

इंद्रजित हसला. लहानपणी हसायचा तसा.

"ते मला ठाऊक आहे मास्तर. मी पोरांना हेच शिकवतो. घोडीपासून लांब, गिटारीच्या मानेकडं सरकवलं की आवाज जाड, घोडीकडं सरकवलं की कडक. मला नेमकी जागा हवीय. बोटभर चुकली तरी आवाज बदलतो."

"बदलतोय खरा."

"मग?"

"मला ठाऊक न्हाई."

तुम्हीच सांगा, इतक्या लांबून आलेल्या माणसाला असं उत्तर मिळालं तर त्यानं काय करावं? इंद्रजितचे कान तापले.

"तुम्ही बसवलात, आणि तुम्हाला ठाऊक नाही?"

"बसवला मी. जागा मी ठरवली न्हाई."

"मग कुणी?"

मास्तर सोप्यात परत आले. मागच्या खोलीकडे त्यांनी नुसती मान वळवली. तिथं स्वयंपाकघर. दारातून शिलाई मशीन दिसत होतं, वर पांढरा कपडा झाकलेला.

इंद्रजितनं तिकडे बघितलं आणि पटकन नजर खाली घेतली.

ते मशीन पद्माकाकूंचं, मास्तरांच्या बायकोचं. गल्लीतल्या बायकांची पोलकी त्यावर शिवली जायची. इंद्रजित शिकायला यायचा तेव्हा त्याच्या हातावर शेंगांची चटणी आणि भाकरी ठेवणाऱ्या त्याच. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हा इंद्रजित परदेशात होता, कार्यक्रमांसाठी. त्यानं मोबाइलवर हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं. फोन करायचा होता, उद्या करू म्हणाला. तो उद्या काही आला नाही. मग लाज वाटायला लागली, आणि लाजेपायी येणंच बंद झालं.

"मी पिकअप हातात धरून तारांखाली सरकवायचो," मास्तर सांगत होते, "आणि ती तिकडं भाकऱ्या थापायची. स्टोव्ह फरफरतोय, काकणं वाजतायत. मी विचारायचो, आता? ती म्हणायची, ऊं हूं. जरा सरकवायचो. आता? ऊं हूं. येका जागेला तिचं थापणं थांबलं. म्हणाली, हां. आता."

"मग?"

"मशीनच्या खणातला खडू आणला. पीठ लागलेल्या हातानंच रेघ मारली. मी तिथं कोरलं."

"पण त्या स्वयंपाकघरात होत्या. तिथून त्यांना काय नीट ऐकू येणार?"

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

इंद्रजितला स्वतःचे हेडफोन आठवले.

त्यानं विषय बदलला. घाबरलेला माणूस प्रश्न विचारत सुटतो, तसं त्याचं झालं.

"बरं, वेढे किती होते? कॉइलला?"

"मोजलं न्हाईत."

"अंदाजे? कमी वेढे झाले तर आवाज पातळ येतो, जास्त झाले तर गदळ. काहीतरी हिशेब असेलच की."

"मशीनच्या बॉबिनवर गुंडाळायची ती. पाय मशीनवर, तार बोटांतनं सोडायची आणि मनात णमोकार मंत्र म्हणायची. किती म्हणायची ते तिला ठाऊक. बोटाला भरल्यासारखं वाटलं की थांबायची."

"सरळ गुंडाळायच्या? ओळीनं?"

"कसली वळ न् काय! हिकडं तिकडं, वेडीवाकडी. रिळासारखी गुळगुळीत केली तर मुकी हुती, म्हणायची."

बोलता बोलता मास्तरांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि नवा पिकअप खाली घ्यायला सुरुवात केली.

"काय करताय?"

"केवढा वर घेतलास हा! तारेला चिकटायचाच बाकी हाय. चुंबक वढतोय तिला."

"जवळ असला की आवाज मोठा येतो."

"येतोय. टिकतोय का?"

टिकत नव्हता. सूर उमटला की मधेच हेलकावे खायचा आणि मरायचा. दोष तारांचा असेल म्हणून इंद्रजितनं किती महाग तारा बदलल्या होत्या, ते त्याचं त्याला माहीत.

मास्तरांनी तार छेडली. स्पीकर नव्हता, नुसतं लाकूड. तरी तार पुष्कळ वेळ डोलत राहिली.

मग इंद्रजितनं धीर केला. पेटीच्या कप्प्यातून त्यानं एक पुरचुंडी काढली.

"जुन्यातलं एवढं राहिलंय."

मास्तरांनी हात पंच्याला पुसले. पुरचुंडी सोडली. आत काळ्या पट्टीत गुंडाळलेली एक कॉइल होती, चुंबकासकट. बोटभर लांब.

"ही येकच? दोन हुत्या."

दोन होत्या, ही गोष्ट खरी. या गिटारीचा पिकअप दोन तुकड्यांचा होता. एक तुकडा दोन जाड तारांखाली, दुसरा दोन बारीक तारांखाली. त्याला कारण आहे. कॉइल तारेचा सूर टिपते तशी दिव्याची, पंख्याची, भिंतीतल्या विजेची घूं पण टिपते. ट्यूबलाइट बिघडली की येते ना, तसली घूं. एकच कॉइल असली की ती घूं स्पीकरमधून येतच राहते. म्हणून दुसरी तिच्या उलट गुंडाळायची आणि चुंबकही उलटा ठेवायचा. मग हिची घूं आणि तिची घूं एकमेकींना मारतात, आणि सूर तेवढा शिल्लक राहतो.

"मशीन येकाच अंगाला फिरायचं," मास्तर म्हणाले. "म्हणून सरळ ती गुंडाळायची आणि उलटी मी. हाताच्या ड्रिलवर, हितं उंबऱ्यात बसून."

"म्हणजे एक काकूंची आणि एक तुमची?"

"व्हय. मागनं कळलं, सरळच गुंडाळून नुसती टोकं उलटी जोडली असती तरी भागलं असतं. पण तवर सवय लागली हुती. ती मशीनवर, मी उंबऱ्यात. दुपार बरी जायाची."

इंद्रजितला आजवर वाटत होतं, दोन्ही काकूंनीच गुंडाळल्या असतील. कप्प्यात राहिलेली एक तरी त्यांच्या हातची आहे, या भरवशावर तो आला होता. ती पुढं करायची, पाया पडायचं, म्हणजे न आल्याचं थोडंफार फिटेल, असा त्याचा सगळा बेत होता.

"मग... ही कुणाची?"

"पट्टी सोडवून बघाया पाहिजे. तिची असली तर दोरा रंगीत असंल. ज्या दिवशी जे पोलकं शिवायची, त्याचाच दोरा बांधायची शेवटाला."

मास्तर नखानं पट्टीचं टोक शोधायला लागले. पट्टी जुनी, चिकटलेली. इंद्रजित पुढं वाकला. देवळात पाऊल टाकताना वाटतं तसं काहीतरी त्याला वाटत होतं. मनात म्हणत होता, लाल असू दे. हिरवा असू दे. कसलाही असू दे.

पट्टीचा एक पदर सुटला. दुसरा सुटला.

खाली पांढरा दोरा होता.

"माझी," मास्तर म्हणाले.

गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला.

"दुसरी कुठाय, इंद्या? हाय का?"

"नाही. काढताना तार तुटली. कारागीर म्हणाला, मेली ही. मी म्हटलं..."

"काय म्हटलास?"

"टाकून दे म्हटलं."

मास्तरांनी मान हलवली. रागानं नाही. रोग्यानं दुखणं सांगावं आणि वैद्यानं ऐकावं, तशी.

"तार आतनं तुटली हुती का टोकाला?"

इंद्रजितला खोटं बोलता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"टोकाला."

"मग सोल्डरचा येक थेंब पुरला असता..."

एवढंच म्हणाले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं इंद्रजितला वाटलं. त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"मास्तर, मला माहीत नव्हतं हो. देवाशपथ, मला माहीत नव्हतं. कॉइल म्हणजे कॉइल, असं वाटलं. बाजारात मिळते तशी."

"व्हय. बाजारात मिळती."

"तुम्हाला आज कळलं. त्यापेक्षा मी आलोच नसतो तर..."

"आज न्हवं."

"काय?"

"तू आवाज बदललास, त्याच्या पयल्याच गाण्यात मला कळलं. रेडिओवर लागलं हुतं. तिनं मशीन थांबवलं, रेडिओ मोठा केला. म्हणाली, ऐका, आपली वाजतीया."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, व्हय."

इंद्रजितनं वर बघितलं.

"मग पुढं तुझं काय बी लागलं की ती तसंच म्हणायची. गल्लीत सांगायची. आपली वाजतीया. आणि मी म्हणायचो, व्हय, आपलीच."

"त्यांना... शेवटपर्यंत कळलं नाही?"

मास्तर कॉइलवरून अंगठा फिरवत राहिले.

"जागा कुणाच्या कानानं ठरली हुती, इंद्या?"

इंद्रजितच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी कांद्याचं नाव सांगून भागणार नव्हतं. त्यानं ते पुसलंही नाही. काकूंना कळलं होतं. बदललेल्या आवाजाच्या पहिल्याच गाण्यात कळलं असणार. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून काकू म्हणायच्या आपली, आणि काकूंना वाईट वाटू नये म्हणून म्हातारा म्हणायचा व्हय. आणि हा तिकडे माझा साउंड, माझा साउंड करत हिंडत होता.

उन्हं कलली. मास्तर उठले, कोपऱ्यातली सोल्डरचा डाग द्यायची सळई तापत ठेवली, माळ्यावरचा जुना स्पीकर खाली काढला. घोडीखाली लाकडाच्या पट्ट्या सारून त्यांनी तारा चांगल्या उचलून घेतल्या, म्हणजे कॉइल खालून सरकवता येईल. नव्या पिकअपच्या वायरी सोडवून तो वेगळा केला आणि जुन्या कॉइलची टोकं स्पीकरच्या वायरीला जोडली. इंद्रजित मदतीला पुढं झाला तर त्यांनी त्याला कोपरानं बाजूला केलं.

"मास्तर, दिवस मावळतोय. तुमचं जेवण?"

दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांच्या जैन घरचा नेम. ऑर्केस्ट्राच्या धांदलीतसुद्धा त्यांनी तो कधी मोडला नव्हता. मावळल्यावर पाण्याशिवाय काही नाही.

"आज ऱ्हाऊ दे."

"पण..."

"तू आत जा. मशीनपाशी बस."

"मी? मी इथं थांबतो ना. जवळून नीट कळेल."

"आत जा म्हटलं की."

इंद्रजित आत गेला. मोठमोठ्या स्टेजवर वाजवणारा माणूस स्वयंपाकघरात मशीनच्या स्टुलावर जाऊन बसला. गॅसची शेगडी थंड होती. फळीवर पितळेचे डबे, काकूंनी लावले होते त्याच ओळीत.

"खणातला खडू काढ आणि दे हिकडं."

त्यानं खण उघडला. खडूचा झिजलेला तुकडा, मोडक्या सुया, रंगीत दोऱ्यांची रिळं. लाल, हिरवा, आंबा रंग. त्यानं खडू उचलला, दारातून मास्तरांच्या हातात दिला आणि पुन्हा येऊन बसला.

"मी विचारीन तसं सांग."

"हो."

बाहेरून टक टक असा आवाज आला. तार वाजत होती, पण आत पोचत होती ती नुसती टकटक.

"आता?"

"नाही."

"आता?"

"थोडं... नाही मास्तर. कोरडं येतंय."

"आता?"

"ऊं हूं."

तोंडातून ते गेलं आणि इंद्रजितला स्वतःचाच धक्का बसला. बाहेर क्षणभर सामसूम झाली. मग पुन्हा तार वाजली, जरा मानेकडे सरकून. पुन्हा वाजली.

आणि फळीवरच्या डब्यांची झाकणं बारीक थरथरायला लागली. आवाज कानात नाही, आधी तळपायात आला. फरशीतून आला, स्टुलातून आला, छातीत येऊन बसला. घोंगडी अंथरल्यासारखा तोच, पहिल्या गाण्यातला आवाज.

"आता!" इंद्रजित ओरडला. "हां, मास्तर, आता! तिथंच!"

बाहेर खडू घासल्याचा आवाज आला. निळ्या रंगावर पांढरी रेघ उमटली असणार.

मग मास्तर वाजवायला लागले. आखडलेल्या बोटांनी, सावकाश. ऑर्केस्ट्राच्या सुरुवातीला वाजवायचे तीच चाल. इंद्रजितला ती पाठ होती. जाड तारांवरून ती सुरू व्हायची, वर बारीक तारांवर जायची आणि पुन्हा खाली यायची.

जाड तारांवर ती नीट वाजली. वर गेली आणि गप्प झाली. थोड्या वेळानं खाली आली, तेव्हा पुन्हा ऐकू यायला लागली.

इंद्रजितला वाटलं, मास्तर दमले. मधे मधे थांबतायत. त्यानं दारातून डोकावून बघितलं. मास्तर थांबत नव्हते. बारीक तारांवर त्यांची बोटं तितक्याच मायेनं पडत होती, एकही सूर न गाळता. त्या तारांखाली काहीच नव्हतं.

चाल संपली. मास्तरांनी तारांवर तळवा ठेवला.

स्पीकरमधून आवाज येत राहिला. बारीक, एकसारखा, न थांबणारा. घूं...

इंद्रजित दारात उभा राहिला. बोलायचं म्हणून बोलला.

"मास्तर, घूं येतेय."

"व्हय."

"मघाशी येत नव्हती..."

मास्तरांनी स्पीकरकडे बघितलं. बंद करायला हात पुढं केला, आणि तसाच मागं घेतला.

"मघाशी बी हुतीच. वाजवत असलं की ऐकू येत न्हाई, इंद्या. हात थांबला की येती."